डॉक्टरीणबाई आणि बाटलीतलं पाणी

टेमघरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला वाचवलं, हे आधी सांगते.

कुठलंही अवजार तोंडात घालण्याआधी त्या ते माझ्या तळहातावर ठेवतात. "धरून बघ. चावतंय का? मग घाबरतेस कशाला, बाय?" शिकल्यासवरल्या, पण बोलतात गावचंच.

आमच्या नांदेडकडच्या गावातल्या बोअरच्या पाण्याने माझे दात लहानपणापासून पिवळे. पाहुणे मला बघायला येणार म्हणून इथे टेमघरजवळच्या पूर्णाला, मी कामाला आहे त्या गोदामाबाहेरच्या फेरीवाल्याकडून दात पांढरे करायचं पाणी घेतलं. चार दिवस घासलं, हिरड्या सोलल्या. आता दात गळणार, लग्न जमायचं नाही, म्हणून मी बाईंच्या खुर्चीत येऊन बसले. तरी म्हणाले, "बाई, आजच पांढरे करा."

बाईंनी मी नेलेली त्या पाण्याची बाटली हुंगून बाजूला सारली. "ॲसिड हाय हे. आधी हिरडी भरू दे. मग डाग थोडे हलके करू. आज मी काय पन लावनार न्हाय."

मग स्वतःच्या मोबाइलवरून त्यांनी गावी माझ्या आईला फोन लावला आणि महिनाभर थांबायला सांगितलं.

"पाहुणे महिनाभर थांबत नसतात, डॉक्टर!" आई ओरडली.

"मग सांगा त्यांना, ताई, गेलेला दात पन परत येत न्हाय."

पाहुणे थांबतील का, दात टिकतील का, अजून माहीत नाही. पण या परक्या गावात माझ्यासाठी कुणी माझ्या आईशी भांडलं. बाईंचे हे उपकार मी कधीतरी फेडीनच.