छत चिकटवलेला डबा

"दादा, तुला राग येतच नव्हता, म्हणून दोघांचा मलाच करावा लागतोय," असं बहिणीनं गेलेल्या भावाला पत्रात लिहिलं.

दादा घड्याळजी. फावल्या वेळात तो छोट्या आगगाड्यांचे डबे आतून सजवायचा. तांदळाएवढ्या उशा, बाकांचे झिजलेले कोपरे, खिडकीशी पेंगणारी बाई. हे सगळं बघता यावं म्हणून छत तो कधीच चिकटवत नसे, नुसतं अलगद बसवायचा. छोट्या गाड्या पळवणाऱ्या त्याच्या हौशी मंडळाच्या चिटणीसांनी मात्र, वळणावर छत उडतं म्हणून प्रदर्शनाआधी ते पक्कं चिकटवून टाकलं. वर दादाला म्हणाले, "काका, आतलं बघायला कोण बसलंय?" दोन वर्षांची मेहनत मातीत गेली आणि हा शहाणा नुसता हसला!

बहीण फणफणली, "तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या?"

"तुझं चालतं ना, ठमे? मग तूच चल. डबा मागून आणू, छत मी सोडवतो."

"येते रविवारी."

त्या रविवारी तिला सर्दी झाली, पुढच्या रविवारी पाहुणे आले, आणि मग दादाच राहिला नाही. डबा अजून मंडळाच्या कपाटात आहे.