हाक मारायचा नियम

आत्याचा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात केसांना लावायच्या रंगाचा ब्रश होता आणि पार्लरच्या खुर्चीत एक बाई अर्ध्या डोक्याला रंग लावून बसली होती. कामाच्या वेळी फोन करायचा नाही हा आत्याचाच दंडक. म्हटलं, बाबांना काही झालं की काय.

"अगं, त्यांनी आपल्याला विचारलंय!" आत्या पलीकडून ओरडली.

"कुणी? काय विचारलंय?"

"खेळवाल्यांनी! नियमांची नवी आवृत्ती येतेय. छापायच्या आधी कच्चा मसुदा सगळ्यांना उघडा करून दिलाय. खेळून बघा म्हणतात, कुठे अडतंय ते आम्हाला सांगा म्हणतात. आपण सांगायचं, अगं, आपण!"

"आत्या, बाईचे केस जांभळे होतील."

"होऊ देत!" म्हणाली आणि फोन ठेवला. जी बाई चष्म्याची काच केसभर तिरकी बसली तर गिऱ्हाइकाला परत पाठवते, ती म्हणाली होऊ देत. तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही.

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पुढे शोकेस, आरसे, फ्रेमा, गोड बोलणारा मालक. मागच्या खोलीत आत्या, तिचं घासायचं मशीन आणि भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. रविवारी दुकान बंद असतं आणि त्या खोलीची किल्ली आत्याकडे असते. मग दुपारी मशीनवर कापड पडतं, कामाच्या टेबलावर फासे येतात आणि आम्ही चौघं खेळायला बसतो. आत्या, माझे बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ, मी आणि आमच्या गल्लीतल्या नर्सबाई.

खेळ कसला, तर गोष्टीचा. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं. दरी ओलांडायची की नाही ते तुम्ही ठरवायचं, जमलं की नाही ते फासे ठरवणार. सूत्रधार आत्या. नर्सबाई जादूगार, आठवडाभर लोकांना इंजेक्शनं टोचून रविवारी राक्षस जाळतात. मी तिरंदाज. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आता रिटायर झालेत, ते ढाण्या. ढाण्या म्हणजे बुटका, दाढीवाला, कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढे धावणारा आणि हमखास मार खाणारा गडी. मी शाळेत असल्यापासून बाबा ढाण्याच आहेत. दुसरं पात्र घ्या म्हटलं की तोंड फुगवतात.

आणि आत्या म्हणजे नियम. टेबलाखाली पडलेला फासा धरायचा नाही, परत टाकायचा. पाळी नसताना बोलायचं नाही. बाबांनी गयावया केली, नर्सबाईंनी लाडीगोडी लावली, तरी तिचं एकच उत्तर, "नियम म्हणजे नियम." मी कितीदा वैतागले असेन! पण तिच्या खेळात मेलेलं मेलेलं असतं आणि वाचलेलं खरंच वाचलेलं असतं, म्हणून तर मजा येते.

तिचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे हाक. तुमचं पात्र लढाईत कोसळलं तर सोबतच्या कुणीही त्याला नावाने हाक मारायची आणि दोघांनी मिळून केलेली एक गोष्ट आठवून सांगायची. की कोसळलेल्याला एक फासा जास्त मिळतो. चार किंवा वर पडले तर तो उठतो. आम्ही या हाकेवर किती वेळा जगलो त्याला गणती नाही. नर्सबाई तर दर वेळी डोळे पुसायच्या.

तर मसुदा आला. आत्याने तो प्रिंट करून आणला, पानांना टाचण्या मारल्या आणि जाहीर केलं की चाचणी म्हणजे चाचणी. यात जे लिहिलंय तेच खेळायचं, आपलं काही घुसडायचं नाही. तिचा चेहरा नुसता फुलला होता. ज्या बाईला लग्न ठरवताना कुणी विचारलं नाही आणि मोडतानाही नाही, तिचं मत कुणीतरी मागत होतं.

मग ती मरणाच्या प्रकरणाशी आली आणि थांबली. पान उलटलं. परत मागे आली.

"हाक काढून टाकली," आत्या म्हणाली.

"काय सांगता, ताई!" नर्सबाई उडाल्याच. "दुसऱ्या पानावर असेल बघा."

"कुठेच नाही. काढली मेल्यांनी! खेळातला जीव काढून घेतला आणि वर मला विचारतात कुठे अडतंय!"

मीही तावातावाने टेबलावर हात आपटला. बाबा तेवढे मसुद्याच्या टाचण्या सरळ करत होते. "जाऊ दे ना गं, छोटे," ते म्हणाले. "कशाला त्यांच्या तोंडी लागायचं?" आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला उठले. आधीचा ग्लास भरलेलाच होता.

पुढच्याच रविवारी खेळवाल्यांनी व्हिडिओ कॉल ठेवला होता. चाचणी करणाऱ्या कुणीही यावं आणि विचारावं. आत्या इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली. मागे तो अक्षरांचा तक्ता. पडद्यावर चौकोनाचौकोनांत इतकी माणसं की मीच चौकटीबाहेर सरकले. आत्याने हात वर केला. तिचा नंबर आला. आवाज आधी कापला आणि मग असा खणखणीत झाला की काय सांगू! तिने हाक म्हणजे काय ते सांगितलं, ती का हवी ते सांगितलं आणि शेवटी विचारलं, "इतका चांगला नियम तुम्ही काढलात कुणाला विचारून?"

नियम लिहिणारी बाई तरुण होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, माफ करा, पण असा नियम आमच्या कुठल्याच आवृत्तीत नव्हता. तुम्हाला कुठल्या पानावर मिळाला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या बाईने घाईघाईने पुढे म्हटलं, "पण सुंदर आहे हो. सूचना म्हणून पाठवा ना, आम्ही वाचू." आत्याने थँक्यू म्हणून लॅपटॉप मिटला.

जुनं पुस्तक कपाटात होतं. आत्याने ते कोळून प्यायलं होतं, पण मरणाचं प्रकरण मात्र तिला पहिल्याच दिवशी बाबांनी तोंडी शिकवलं होतं. पाठ असलेली गोष्ट पुन्हा कोण वाचतं? तिने ते प्रकरण उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. बाबा हळूच दाराकडे सरकत होते.

"दादा, बस खाली."

बाबा बसले.

"हाक कुठून आली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नर्सबाईंकडे पाहिलं. कुणीच मदतीला येईना. "तू घरी परत आली होतीस ना, तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "जेवायला यायचीस, जेवायचीस, उठून जायचीस. एक शब्द नाही. मी बळेबळे तुला खेळायला बसवलं. तुझं पात्र म्हणजे ती चोरटी, चिमणी. गोष्टीतल्या सराईच्या मालकाची किल्ली पळवलीस आणि हसलीस. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हसलीस गं! आणि लगेच पुढच्या लढाईत चिमणी मेली. तू म्हणालीस, बरंय, आणि खुर्ची मागे सारलीस. आता काय करू? तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, थांब, नियम आहे."

मला वाटलं आत्या आता रडेल, भावाला मिठी मारेल. कसलं काय! आत्या भडकली.

"म्हणजे मी जन्मभर लोकांना खोटा नियम शिकवला? आज चारचौघांत त्यांच्याशीच भांडले?"

"अगं छोटे, पण..."

"सूचनाबिचना काही जायची नाही. आणि या टेबलावरही हाक बंद. पुस्तकात नाही म्हणजे नाही."

चाचणीचा शेवटचा खेळ त्याच्या पुढच्या रविवारी होता. त्यानंतर उत्तरं पाठवायची मुदत संपत होती. बाबा मुद्दाम दाढी न करता आले होते, म्हणे ढाण्याला शोभतं. एकदा खेळ सुरू झाला आणि आम्ही सगळं विसरलो. मसुदा झकास होता, खोटं कशाला बोलू! लढाई सरसर पळत होती. पूल तुटत होता, नर्सबाईंची जादू संपली होती, माझ्याकडे शेवटचा बाण उरला होता आणि राक्षस नर्सबाईंवर धावून आला. ढाण्या मध्ये पडला, अर्थातच. आत्याने फासा टाकला, आकडा पाहिला, मसुद्याचं पान पाहिलं. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "ढाण्या कोसळला. मसुद्याप्रमाणे मेला."

माझ्या ओठांवर हाक आली होती. नर्सबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. आत्याची मान पानावरून वर येईना.

बाबा थोडं हसले. "बरंय," ते म्हणाले. "मजा आली." त्यांनी ढाण्याचं छोटं लाकडी बाहुलं टेबलावरून उचललं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि खुर्ची मागे सारली.

खुर्चीचा आवाज झाला आणि आत्याने झटकन वर पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "नियम आहे."

"पुस्तकात नाही, छोटे."

"गप्प बस. ढाण्या! चिमणी हाक मारतेय. पहिल्याच दिवशी मी निघाले होते आणि तू मला बसवून घेतलंस." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "तेव्हापासून बसलेय. आता तू कुठे चाललास? टाक फासा."

नर्सबाई उघडउघड रडत होत्या आणि मीही. बाबांनी फासा असा टाकला की तो टेबलावरून घरंगळला आणि मशीनखाली गेला. मी वाकून पाहिलं. दोन पडले होते. मी हळूच दोन बोटं वर केली.

"टेबलाखालचा फासा धरत नाही," आत्या डोळे पुसत तोऱ्यात म्हणाली. मग एकदम तिला शंका आली. "का रे दादा, हा नियम तरी पुस्तकातला आहे ना?"

बाबा छताकडे बघायला लागले.

"दादा!"

"त्या दिवशी," बाबा म्हणाले, "पहिला फासा खाली पडला होता तुझा. एक आला होता."

आत्या जी हसत सुटली! टेबलावर डोकं ठेवून, मसुद्याची पानं चुरगळत, खोकला येईपर्यंत हसली. फासा मशीनखालून तिनेच काढला, पदराला पुसला आणि बाबांच्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली. खिशातलं बाहुलं काढून पुन्हा पुलावर उभं केलं.

"टाक परत," ती म्हणाली. "मुदत संपायच्या आत मला दोन्ही नियम त्या बाईला पाठवायचेत."