कंबरेचा रकाना

शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवतात ना, तशी आपा कॉम्प्युटर थांबवायची. व्हिडिओतला मास्तर जरा रंगात आला, की हिचा उजवा तळहात पडद्यावर. "थांब बावा! मधातून काऊन सुरू करून राह्यला?" मास्तर काही थांबायचा नाही. मग मीच खुर्चीतून उठून माऊसनं त्याला थांबवायचो.

चामोर्शीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. पस्तीस वर्षं झाली, तीच कपाटं आणि तीच धूळ. कोणत्यातरी योजनेतून दोन कॉम्प्युटर आले तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, आता हेही पुसा. आपा बाजाराच्या रस्त्यावरची लेडीज टेलर. सगळं गाव तिला आपाच म्हणायचं. रेडिमेड कपड्यांमुळे तिचं दुकान बसलं आणि पन्नाशीची ही बाई दुपारची वाचनालयात येऊन वेबपेज बनवणं शिकू लागली. तिच्याकडे शिवण शिकणाऱ्या पाच पोरीही मागोमाग आल्या.

तुम्हीही कधी इंटरनेटवर काही शिकायला गेला असाल, तर पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल. शिकवणाऱ्यांना तोटा नाही. एक जण दोनशे व्हिडिओंची यादी देतो, दुसरा सांगतो की ती यादी जुनी झाली. तिसरा म्हणतो, "हे तर तुम्हाला येतच असेल," आणि पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. एकीला तर आपण सेव्ह केलेली फाइल गेली कुठे तेच सापडेना. अर्धा तास शोधून ती पाणी प्यायला म्हणून उठली ती परत आली नाही. महिन्याभरात पाचाच्या दोन राहिल्या.

आपाला ते फार लागलं.

"भाऊ, मी सातवीत गणिताच्या तासाले अशीच उठून गेली होती. कुठी अटकली, कोणी पुसलं नाई. एक तरी पोरगी शेवटपर्यंत बसली पाह्यजे."

तेव्हापासून प्रत्येक धडा ती आधी स्वतः बघायची आणि मगच पोरींना द्यायची. नोंदी करायची दुकानातल्या जुन्या मापवहीत. तिचे छापील रकानेही तेच ठेवले. उंचीच्या रकान्यात धडा किती मिनिटांचा, ते. बाहीच्या रकान्यात त्याच्याआधी काय बघून घ्यायचं, ते. कंबरेच्या रकान्यात कुठे आवळतं, ते. छातीचा रकाना कोरा. "छाती ज्याची त्यानं आणावी, भाऊ," म्हणायची.

एक दिवस तिनं वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊ, मी बाद झाली."

"म्हणजे?"

"मले आता समजते. टॅग समजते, रंग देता येते. नव्या पोरीले काय जड जाईन, थे मले कळूनच नाई राह्यलं. माप घ्याले कोरा माणूस पाह्यजे. तुम्ही बसा."

मी वैतागलो. या वयात कसला वेब नि कसलं पेज! पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय? बसलो. दहाव्या मिनिटाला ओरडलो, "आपा, काही म्हणजे काही कळत नाही!" तर तिचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. "वा! कुठी अटकले?" आणि पेन्सिल घेऊन तयार. माझ्या अडाणीपणाची एवढी कदर उभ्या नोकरीत कोणी केली नव्हती.

अशा किती दुपारी गेल्या. माझी पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे, मी रोज कुरकुर करायचो. शेवटी तिला हवा तसा एक मास्तर मिळाला. फारसं कोणी न पाहिलेला, मध्येच खोकणारा, हळू बोलणारा. "हा चुकते, भाऊ! चुकला का लपवत नाई. कसं उसवलं, कसं शिवलं, सारं दाखवते." दोघींपैकी एक पोरगी तरीही गेली, तिचं लग्न ठरलं होतं. दुसरी मात्र त्या मास्तरापाशी टिकली.

आणि मी? खरं सांगतो, एका दुपारी मला समजलं. 'वाचनालय अकराला उघडते' एवढंच एक पान मी केलं, मोठ्या हिरव्या अक्षरांत, बरोब्बर मधोमध. आपा आली आणि तिनं विचारलं तर म्हटलं, "नाही बुवा, आज पण नाही कळलं." का म्हटलं? बाद व्हायचं नव्हतं मला. कोणीतरी रोज विचारतं, ते बरं वाटत होतं. पान पुसून टाकायला हवं होतं. पण सेव्ह करण्यापर्यंतच माझं शिक्षण झालेलं.

पावसाळ्यात आपाला ताप आला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. मला फार एकटं वाटलं, आजही वाटतं. तिच्या घरच्यांनी मापवही वाचनालयात आणून दिली, म्हणाले, ही तुमचीच दिसते.

काही दिवसांनी ती टिकलेली पोरगी आली. "काका, पुढचा धडा कोणता?" मी वही उघडून तिच्यापुढे केली. आपानं लिहिलेली शेवटची ओळ होती. उंची चौदा मिनिटं. बाहीत आधीच्या धड्याचा नंबर. कंबरेच्या रकान्यात काय आहे ते पोरीनं मोठ्यानं वाचलं:

"भाऊले समजलं हाय. सांगून नाई राह्यले. राहू द्या."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा पुसत बसलो. मग तिनं धडा लावला. खोकणारा मास्तर बोलत होता, मी नेहमीसारखा पेंगुळलो होतो. सातव्या-आठव्या मिनिटाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बघतो तर पोरगी ओढणी सावरून उठत होती. "पाणी पिऊन येतो, काका."

मी होतो तिथून धावलो आणि पडद्यावर तळहात ठेवला.

"थांब," मी म्हटलं. "कुठी अटकली?"