निजलेल्या मारुतीच्या रांगेत

देवावर तुझा विश्वास आहे का, असं त्या वर्षी मला कोणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. राग मात्र होता. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या दोन खोल्यांत देव्हारा आहे, रोज दिवा लागत होता, पण दिवा लावताना मी देवाकडे बघत नव्हते. माझं सगळं लक्ष मागे असायचं, सईकडे. सई माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. त्याच्या दोन वर्षं आधी तिची पापणी सारखी फडफडायला लागली. चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासून आणले, ते ठणठणीत होते. मग मान झटकायला लागली, आणि पुढं घशातून एक आवाज यायला लागला, उचकीसारखा, पण उचकीपेक्षा मोठा. हुक्. जेवताना, अभ्यास करताना, पाहुणे आले की हमखास. मी घरीच ब्लाऊज शिवते. मशीन चालू असताना तो आवाज ऐकू आला की माझी शिवण वाकडी जायची आणि मी ओरडायचे, "बंद कर! मुद्दाम करतेस तू!"

ती मुद्दाम करत नव्हती, हे मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं. याला टुरेट सिंड्रोम म्हणतात, असे आपोआप येणारे झटके आणि आवाज म्हणजे टिक. काही मुलांच्या मेंदूची घडणच तशी असते, त्यात तिचा दोष नाही आणि तुमचाही नाही, असं ते म्हणाले. मला बरं वाटायला हवं होतं. पण दोष कोणाचाच नसेल तर भांडायचं कोणाशी, हेच मला कळेना. त्यांनीच सईची भीती कमी व्हावी म्हणून उस्मानपुऱ्यातल्या एका वयस्क समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई मनोविश्लेषण शिकलेल्या होत्या. सईला चित्रं काढायला बसवून त्या माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या.

दुसऱ्याच भेटीत त्यांनी मला एक जुना विचार समजावून सांगितला. म्हणाल्या, "डॉक्टर सांगतात ते खरं आहे, मुळाशी मेंदूच आहे. पण आमच्या विद्येतले काही लोक असं मानत आले, की झटका कोणता यावा, केव्हा यावा, कोणासमोर यावा, यात मनाचाही हात असतो. समजा, एखाद्या मुलाला राग आला. हात उगारावासा वाटला, आणि त्याच क्षणी धाक वाटून तो मागे घ्यावासा वाटला. उगारणं आणि आवरणं, दोन्ही एकाच वेळी झालं की त्याचा होतो झटका. आवाजाचंही तसंच. काहीतरी म्हणायचं असतं आणि ते म्हणायची बंदी असते. मग आपण म्हणतो थांबव. मूल सगळं बळ थोपवण्यात घालतं, आणि थोपवलेलं दुप्पट जोरानं बाहेर येतं." मग त्या म्हणाल्या, "सगळे डॉक्टर हे मानत नाहीत, आणि तुम्हीही मानलंच पाहिजे असं नाही. फक्त एक सांगा, तुमच्या घरात न बोलण्याची अशी कुठली गोष्ट आहे का?"

मी म्हणाले, "काही नाही." सईचा हात धरला, तिचं चित्र अर्धं होतं तशीच उठले, आणि पुन्हा तिकडं फिरकले नाही. रिक्षात माझे कान तापले होते. म्हणजे हे सगळं माझ्यामुळे झालं, असंच ना? मी बंदी घातली, म्हणून लेकीला हे भोगावं लागतंय? त्या बाईंनी असं म्हटलं नव्हतं. मी मात्र तेवढंच ऐकलं.

मग मी माझ्या पद्धतीनं उपाय काढला. खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोलले, श्रावणातले सगळे शनिवार छावणीतून अनवाणी चालत येईन, सईचा आवाज बंद कर. नवऱ्याची वाळूजच्या कंपनीत पहिली पाळी असायची. तो म्हणाला, "पाय सोलून निघतील तुझे." मी म्हणाले, "निघू देत." एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही, हा माझा गुणही आहे आणि खोडही. पहाटे पाचला निघायचे, पडेगाव, मिटमिटा मागे टाकत, दौलताबादचा घाट चढून दुपारच्या आत देवासमोर उभी राहायचे. आमचा हा मारुती उभा नाही, उताणा निजलेला आहे. पहिल्या तीन शनिवारी मी रुईची माळ वाहिली, तेल वाहिलं आणि दर वेळी तेच सांगितलं. खरं म्हणजे सांगितलं नाही, बजावलं. घरी येऊन पाहावं तर आवाज वाढलेलाच. शाळेतल्या बाईंनी तिला पाठांतराच्या स्पर्धेतून वगळलं, "तिलाच त्रास होईल" म्हणून.

चौथ्या शनिवारी सई म्हणाली, "माझ्यासाठी जातेस ना? मग मी पण येते." तिला एवढं चालवलं नसतं, म्हणून नवस तेवढा मोडून दौलताबादपर्यंत बसनं गेलो, पुढचा घाट आम्ही दोघी चाललो. वाटेत ती छान होती, पेरू खात, माकडं मोजत. रांगेत उभं राहिलो आणि सुरू झालं. गर्दी, घंटा, पुढून-मागून रेटारेटी. मान झटकायला लागली, आवाज मोठा होत गेला, हुक्, हुक्, थांबेचना. पुढच्या दोघी-तिघी वळल्या. एकीनं हात जोडले. "अंगात आलंय पोरीच्या," कोणीतरी म्हणालं, आणि बघता बघता आमच्याभोवती कडं झालं. एका बाईनं सईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि खाली वाकून विचारलं, "माझ्या लेकाचं लग्न कव्हा जमतंय, तेवढं सांग माय." सईचे डोळे पांढरे झाले होते भीतीनं. ती माझ्याकडं बघत होती, आणि मी काय केलं? मी पुढं होऊन तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला.

"कामून दाबायलीस तिचं तोंड?"

एक म्हातारी होती. काळी, उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मेंढरं राखणाऱ्या घरातली असावी. तिनं माझं मनगट धरलं आणि हात खाली ओढला, तेही अगदी सावकाश. मग गर्दीकडं वळून म्हणाली, "सरका. ह्ये वारं नाय. माझ्या मायच्या अंगात येत हुतं, मला वारं कळतंय. लेकरू भ्यालंय निस्तं." तिच्या बोलण्यात असा काही अधिकार होता की बायका खरंच सरकल्या. आम्हाला रांगेतून बाहेर काढून तिनं भिंतीच्या सावलीत बसवलं. स्वतःच्या पदरानं सईच्या कपाळाचं कुंकू पुसलं.

"काय व्हतंय गं बाळा?" तिनं विचारलं.

"घशात काहीतरी येतं," सई म्हणाली. "बाहेर नाही काढलं तर फुटल्यासारखं होतं."

"मंग काढ की."

"आई ओरडते."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, पण त्या पाहण्यात बोल नव्हता. "कव्हापासून हाय ह्ये?" मी म्हणाले, दोन वर्षं. "त्याच्या आदी काय घडलं हुतं घरात?"

तोच प्रश्न. मागच्या वेळी मी उठून गेले होते. या वेळीही उठले असते, पण तळपायाचे फोड फुटले होते आणि मला उभंच राहवेना. उत्तर सईनं दिलं.

"आमचं बाळ गेलं," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, जमिनीवर बोट फिरवत म्हणाली, "आई सारखी सांगायची, आवाज करू नकोस, बाळ झोपलंय. मी त्या दिवशी खूप जोरात ओरडले होते, बाहेर खेळताना. मग ते गेलं."

सईनंतर आठ वर्षांनी मला मुलगा झाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी तो गेला. त्या दिवशी सईनं रडायला तोंड उघडलं तेव्हा मीच तिला म्हणाले होते, एक आवाज नकोय मला. कारण ती रडली असती तर मी कोसळले असते. त्यानंतर घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही. नाव तरी कुठं होतं? मला वाटायचं, मी घर सावरलं. माझी आठ वर्षांची मुलगी दोन वर्षं हे असलं ओझं एकटी वाहत होती, आणि मी तिला तेच ‘आवाज नको’ म्हणत गप्प करत होते.

"नाही गं सई," मी म्हणाले. "त्याचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू कितीही ओरडली असतीस तरी काही झालं नसतं." एवढं बोलले आणि माझा बांध फुटला. त्या भरल्या देवळात, लोकांच्या देखत, मी ओक्साबोक्शी रडले. त्याच्यासाठी पहिल्यांदाच रडले. सई मला बिलगून रडत होती, मध्येच मान झटकत होती, आवाज करत होती, आणि म्हातारी आम्हा दोघींच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

"माझी बी दोन गेली," थोड्या वेळानं ती म्हणाली. "नाव काय ठिवलं हुतं?"

"राहिलं ठेवायचं."

"आरव," सई म्हणाली. "मी तेव्हाच ठरवलं होतं. कोणी विचारलंच नाही."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. म्हातारी घोंगडी झटकून उठली, तिची माणसं निघाली होती. मी तिचे पाय धरायला वाकले तर म्हणाली, "मला कामून? त्याला धर. जा, रांगंत उभं ऱ्हा परत. घाई करू नको. देव काय पळून चाललाय व्हय, निजलाय त्यो." आणि काठी टेकत गेली. ती कुठल्या गावची, नाव काय, मी काहीच विचारलं नाही. नंतरच्या वर्षी पुष्कळ शोधलं, भेटली नाही.

त्या दिवशी देवासमोर सईचा आवाज दोनदा घुमला. पुजाऱ्यांनी मान वर केली. मी हात जोडलेलेच ठेवले.

काही चमत्कार झाला, असं मी सांगणार नाही. सोमवारी मी उस्मानपुऱ्यात जाऊन बाईंची माफी मागितली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अर्थ सापडला म्हणजे आजार गेला, असं नसतं. तिची भीती मात्र जाईल." मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले, बाळ गेलं नसतं तरी टिक आल्या असत्या कदाचित, त्या कमी-जास्त होतच राहतात. मला दोघांचंही पटतं. घशातला आवाज काही महिन्यांत विरळ झाला. परीक्षा आल्या की खांदा उडतो. खांदा उडाला की मी मशीन चालवत राहते, शिवण सरळ जाते.

शाळेत मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, बरं, बोलू दे तिला. सई पूर्ण वर्गासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला टुरेट आहे. मी मुद्दाम करत नाही. तुम्ही हसलात तर जास्त येतं, नाही हसलात तर कमी येतं. आता ठरवा." त्या वर्षी ती पाठांतराच्या स्पर्धेत उतरली. मध्ये चार वेळा थांबली, चारही वेळा जिथं थांबली तिथूनच पुढं गेली. नंबर आला नाही. तिच्या बापानं रजा काढली होती, तो टाळ्या वाजवायचं थांबेचना.

मी अजून श्रावणात चालत जाते. हट्ट माझ्या स्वभावातून गेलेला नाही, फक्त आता तो देवाशी नाही. ती म्हातारी कोण होती, माझ्याच रांगेत, त्याच वेळी कशी आली, याचा विचार मी फार करत नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे देवानं काही केलं नाही, यासाठी मी त्याची आभारी आहे. आवाज बंद कर, एवढंच मी मागितलं होतं. ते त्यानं ऐकलं असतं तर माझी मुलगी आजही आत एकटीच राहिली असती.

यंदा दर्शन घेऊन बाहेर आल्यावर सईनं विचारलं, "एवढा वेळ काय मागत होतीस?"

"मागत नव्हते," मी म्हणाले. "आरव आता पाच वर्षांचा असता, ते सांगत होते."

तिनं चप्पल पायात सरकवली. "मग मीही एकदा सांगून येते," म्हणाली, आणि चप्पल परत काढून आत गेली.