मोटारीच्या दाराचा पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवीपुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, पण माझ्याकडे तसं बघू नका. माझा स्वभावच मेला संशयी!

संस्थान विलीन झालं, त्या सुमाराची गोष्ट. मामंजींच्या जुन्या मोटारीचं मागचं एक दार नीट लागत नसे. आमचा ड्रायव्हर रामलाल घोड्याच्या सामानातला एक चामडी पट्टा दाराच्या मुठीतून पुढच्या सीटच्या दांडीला करकचून बांधी, मगच गाडी हाले. "भाभीसाब, पट्टो मत खोलजो," हे दर खेपेला. हा कोण मला हुकूम सोडणारा? आणि चामडं माझ्याच शेजारी — आमचं सोवळं याच्या डोळ्यांत सलतं की काय?

नवरात्रात धारहून देवासच्या टेकडीवरच्या देवीला निघालो. नैवेद्य सोवळ्यातच न्यायचा, हा घरचा रिवाज. सीटवर धाबळी अंथरून, पुरणाचा डबा मांडीवर घेऊन मी मध्ये बसले. नणंद कुसुम त्या दाराशी, मामंजी पुढे. इंदूर सुटलं आणि पट्ट्याचं लोंबतं टोक हेलकावत माझ्या लुगड्याशी यायला लागलं. चामडं! मुद्दामच लांब सोडलंय मेल्याने — असंच आलं मनात. कुसुमला डुलकी लागली होती. मी — हो, मीच — धाबळीच्या कोपऱ्याने धरून बक्कल सोडलं. पट्टा सीटखाली सारला.

क्षिप्रेच्या अलीकडच्या वळणावर दार उघडलं आणि कुसुम बाहेर फेकली गेली. माझे दोन्ही हात डब्यावर होते.

तिचा पाय मोडला, तो वाकडाच बसला.

"मैंने तो कसके बाँधा था, हुजूर," रामलाल मामंजींना म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. कळलं होतं का त्याला? मी म्हटलं, "मी तर बांधलेला पाहिलाच नाही." आणि वर — हे सांगताना जीभ अडखळते — वर म्हटलं, "प्यायला असेल."

त्याला त्याच दिवशी काढलं. धारमध्ये पुन्हा कुणी त्याच्या हाती मोटार दिली नाही. आता बाजारात हातगाडी ओढतो. मी दिसले की बाजूला होऊन उभा राहतो. आदराने? की मनात दुसरंच काही? मी घाईने पुढे जाते.

कुसुमला स्थळं येतात, चालून दाखवायला सांगतात, आणि नकार कळवतात. काल तिच्या पायाला तेल चोळत होते. ती म्हणाली, "वहिनी, त्या रामलालचं कधी भलं व्हायचं नाही."

"नाहीच होणार," मी म्हटलं.