रामदासभाऊंचा भोंगा

रामदासभाऊ गेल्याची बातमी आमच्या गल्लीला त्यांच्याच भोंग्यातून कळली. एका सकाळी टिनाच्या भोंग्याचा तो ओळखीचा आवाज घुमला, नळ आला असं समजून बायका घागरी घेऊन बाहेर आल्या. पण आवाज त्यांच्या बायकोचा, शांतावहिनींचा होता. "आमच्या घरचे गेले हो..." एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. त्याला महिना होऊन गेला, तरी तो आवाज कानातून जात नाही.

भाऊ गिरणीत कामाला, मी शाळेत मास्तर. पाचपावलीतल्या आमच्या गल्लीचा सरकारी नळ त्यांच्या दाराशी होता आणि पाण्याचा काही नेम नसायचा. पाणी आलं की भाऊ भोंगा तोंडाला लावत. हरवलेलं पोर, रेशनवर आलेलं रॉकेल, सगळं त्यांच्याच तोंडून कळायचं. लाल झेंड्याचा आमचा पक्ष लहान आणि कायम कडका, त्याला हा आवाज फुकटात मिळाला. मजकूर मी लिहायचा, भाऊंनी तो गल्लोगल्ली ओरडायचा. एका निवडणुकीत आमच्या विरोधात एक बिडी कारखानदार उभा होता. गल्लीतल्या निम्म्या बायका त्याच्या बिड्या वळायच्या, शांतावहिनीसुद्धा. "हा मजुराईचा वैरी हाये!" भाऊ असं काही गरजले की माणसं टपरीवर चहा सोडून बाहेर आली.

पुढच्या निवडणुकीत आमच्या पुढाऱ्यांनी सत्तेतल्या पक्षाशी समझोता केला आणि आमच्या पदरात उमेदवार पडला तो हाच कारखानदार. मी मुकाट्यानं मजकूर लिहून नेला. भाऊंनी तो वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवला.

"मास्तर, याच गल्लीत मी त्याले वैरी म्हटलं. आता त्यालेच मत द्या म्हणू?"

"वरून आदेश आहे, भाऊ."

"वरच्याईले इथं राहाचं नाही. मी नळ आला म्हणतो अन् नळ आलेला असते, म्हून लोक मायं ऐकते. उद्या मी खोटा पडलो, तर कोण बादली घेऊन येईन गा?"

मी कागद खिशात घातला आणि घरी आलो.

मतदानाच्या दिवशी भाऊ दारातच बसून राहिले. "काहून नाही जाऊन राहिले तुमी?" वहिनींनी विचारलं. "कोणाले देऊ वं?" म्हणाले, आणि डोळे भरून आले. ज्यानं हयातभर पगार बुडवून झेंडे उचलले, त्याची ही गत... मला आजही संताप येतो. हरण्याचं दुःख आम्हाला कधीच नव्हतं, त्याची तर सवयच होती. पण आता हरायलासुद्धा आपलं माणूस उभं नव्हतं. त्यानंतर पुढारी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिले, भाऊंनी भोंगा फक्त गल्लीच्या कामाला ठेवला.

परवा पुन्हा निवडणुकीची हवा सुरू झाली, तसे पक्षाचे दोघे जण आले. मीही तिथेच होतो. "भाऊंच्या भोंग्यावरून एक फेरी काढू म्हणतो, वहिनी. तेवढीच त्यांची आठवण..." वहिनींनी खिळ्यावरचा भोंगा काढला, पदरानं पुसला आणि परत खिळ्याला अडकवला.

"तो नळाचा हाये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी मी दाढी करत होतो. बाहेरून भोंग्यातून हाक आली, "नळ आला होऽऽ!" आवाज वहिनींचा, अजून कच्चा, शेवटी थोडा कापणारा. मी बाहेर डोकावूनही न बघता बादली उचलली.