तो सूट आणि ती सूट

एका शब्दावरून आमच्या घरात हसूही झालं अन् रडूही. शब्द साधाच, सूट. आपल्या मराठीत सूट 'ती' असते. सरकार नियमात देते ती. दुकानात हँगरला लटकलेला असतो तो सलवार-कुर्त्याचा सूट 'तो'. नागपुरात राहिलो असतो तर कोणाचा घोटाळा झाला नसता, पण आम्ही पडलो जबलपूरवाले. इथं घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, अन् उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी.

घमापुरात आमचं घर. धाकटा भाऊ, भावजय, त्यांची एकुलती एक पोरगी अन् मी, अशी चौघं. भाऊ संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे. मी केंद्र सरकारच्या एका ऑफिसातून रिटायर झाले. लग्न केलं नाही, आणि कोणी काहून म्हणून विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" असं सांगून मोकळी होते. पोरगी मला आत्या म्हणते. भांडायचं माझ्याशी, रुसायचं माझ्याशी, अन् आईकडे फक्त जेवायला जायचं, असा तिचा लहानपणापासूनचा कारभार.

या पोरीला विमान उडवायचं होतं. तेही साधं प्रवाशांचं नाही, एअर फोर्सचं. हे वेड कुठून शिरलं बाप्पा, देवालाच ठाऊक. आमच्या खानदानात सगळ्यात उंच कोणी गेलं असेल तर गच्चीवर, कुरडया वाळवायला. पण पोरगी हट्टी निघाली. पहाटे उठून धावायची, रात्री गणितं करायची, अन् जेवताना आम्हाला ढगांचे प्रकार सांगायची. भाऊ मान हलवत ऐकायचा. त्याला काही कळत नव्हतं, पण त्याला फार अभिमान वाटायचा. मला तर वाटायचाच, मी लपवत नाही.

नियम असा की कोर्स सुरू होईल त्या दिवशी वय चोवीसच्या वर नको. पहिल्यांदा तिनं लेखी परीक्षा काढली अन् मुलाखतीतून परत आली. दुसऱ्यांदा मुलाखत काढली, डॉक्टरांनी डोळे, कान, पायांची लांबीसुद्धा मोजून पास केलं. आम्ही खव्याची जिलबी आणून अर्ध्या गल्लीला वाटली. मग मेरिट लिस्ट लागली. त्यात तिचं नाव नव्हतं. जागा कमी अन् पास झालेले जास्त. पुढचा कोर्स सुरू होणार होता तिच्या चोविसाव्या वाढदिवसानंतर. फार नाही, थोड्याच दिवसांनी, पण नियमाला थोडं अन् फार सारखंच.

पोरगी खोलीत गेली अन् दार लावून घेतलं. दोन दिवस बाहेर आली नाही.

भावजय बिचारी कासावीस. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथं आली, इतकी वर्षं झाली, तरी तिची हिंदी अजून एका पायावर चालते. कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या भाभीनं विचारलं, "बिटिया दिखती नहीं, क्या हुआ?" तर ही डोळे पुसत म्हणाली, "क्या बताऊँ भाभी, लड़की को सूट नहीं मिल रही. रो रोके हैरान है."

भाभी म्हणाली, "अरे! सूट के लिए रोते हैं क्या? सदर बाज़ार में एक से एक सूट पड़े हैं!"

अन् संध्याकाळी भाभी खरंच सदरहून तीन सूटपीस घेऊन हजर. दुकान ओळखीचं, आवडेल तो ठेवा, बाकीचे परत. एक गुलाबी, एक पोपटी, एक टिकल्याटिकल्यांचा. सगळे आमच्या दिवाणावर पसरले अन् बंद दारावर थाप मारून म्हणाली, "निकलो बिटिया, देखो तो!"

पोरगी बाहेर आली. टिकल्यांचा सूट पाहिला, आईचं तोंड पाहिलं, अन् तिला उलगडा झाला. "मम्मी! हिंदीत त्याला छूट म्हणतात, छूट!" एवढं म्हणून ती जी हसत सुटली की खालीच बसली. मीही हसले, भाभी हसली. हसता हसता पोरीच्या आवाजाचं काहीतरी झालं, अन् आम्हाला कळायच्या आत ती हमसाहमशी रडत होती, तो पोपटी कपडा मुठीत धरून. भावजय भिंतीला टेकून उभी राहिली. "मला काय माहीत," एवढंच म्हणाली.

मी अशी गप्प बसणारी नाही. माझं सारं आयुष्य सरकारी नियमांत गेलं. सरकारात नियम एक असेल तर त्याच्या पोटात चार ठिकाणी सूट असते, हे मी रोज पाहिलेलं. तेव्हा म्हटलं, इथंही असणार, शोधणारा पाहिजे. एक सूट सापडलीही. सव्वीसपर्यंत घेतात, पण विमान चालवायचं व्यावसायिक लायसन्स आधीच असेल तर. वा रे वा! म्हणजे ज्याला उडता येतं त्याला सूट, अन् जिला उडायला शिकायचं आहे तिनं घरी बसावं. ते लायसन्स काढायचं तर आमचं घर विकूनही पुरलं नसतं. माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

सदरमध्ये एअर फोर्समधून निवृत्त झालेले एक साहेब राहतात, पोरीच्या मैत्रिणीच्या ओळखीचे. मी पोरीला ऑटोत घातलं अन् त्यांच्याकडे नेलं. साहेबांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मी हिंदीतून भांडलेच त्यांच्याशी, जणू नियम त्यांनीच केला होता. म्हटलं, पोरगी पास आहे, तब्येत पास आहे, मग थोड्या दिवसांनी ती म्हातारी होते का?

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "बहनजी, एक पायलट तैयार होने में बरसों लगते हैं. जवानी के साल कम होते हैं, वो गिनकर चलते हैं. इस बच्ची में कोई कमी नहीं है." मग थोडं थांबून म्हणाले, "एक दिन मेडिकल में मेरा कान खराब निकला. उस दिन मेरा भी उड़ना बंद हुआ. मुझे भी किसी ने छूट नहीं दी." अन् पोरीकडे वळून सांगितलं, की जमिनीवरच्या शाखांसाठी वय सव्वीसपर्यंत चालतं. विमानांना आकाशात वाट दाखवणारेही त्यातच येतात. परत परीक्षा दे.

पोरीनं मान हलवली, पण वाटेत ऑटोत म्हणाली, "आत्या, मला उडवायचं होतं गं. दुसऱ्यांना उडताना नव्हतं पाहायचं." मी तिचा हात धरून बसले.

आता खरी पंचाईत पुढं होती. एअर फोर्सचा आणखी एक नियम आहे. पंचविशीच्या आतल्या उमेदवाराचं लग्न झालेलं चालत नाही. हा नियम म्हणजे पोरीची छत्री होती. नागपूर, गोंदिया, भंडारा, कुठून कुठून स्थळं यायची अन् ही म्हणायची, "नियमात बसत नाही." भाऊ कारखान्यातला माणूस, नियम म्हटला की हात जोडणार. तो फोनवर पाहुण्यांना ऐटीत सांगायचा, "तिकडचा नियम आहे, काय करता!" पण उडायचं वय गेलं, म्हणजे नियमही सुटला, असं नातेवाइकांनी धरलं अन् फोनवर फोन सुरू झाले. नागपूरचं एक स्थळ तर रविवारी यायचंच ठरलं. भावजय म्हणाली, "आता कोणता नियम आडवा येतो सांग. वय निघून चाललं पोरीचं."

वय निघून चाललं. हे शब्द माझ्या चांगले ओळखीचे.

मी नोकरीला लागले तेव्हा खात्यातली वरची परीक्षा द्यायची होती मला. पास झाले असते तर बाहेरगावी बदली, साहेबाची खुर्ची. वडील म्हणाले, पाहायला येऊन राहिले लोक, आता कुठं परीक्षा देतेस? थांब थोडी. थांबले. पाहायला आले, पोहे खाल्ले, गेले. कोणाला उंची खटकली, कोणाला जीभ. ती तेव्हाही अशीच होती. मग एक दिवस घरचेच म्हणाले, आता काय, वय निघून गेलं. तोवर परीक्षेचंही वय गेलं होतं. तेलही गेलं, तूपही गेलं. तिथं सूट असते का म्हणून मी फार शोधलं होतं. नव्हती.

शनिवारी सकाळी पोरगी माझ्या खोलीत आली. "आत्या, मी जमिनीवरच्या शाखेची परीक्षा देणार. मला सव्वीसपर्यंत वेळ पाहिजे. एकदा साखरपुडा झाला की कोणी अभ्यास करू देणार नाही. तू आईला सांग." तीच खोली, तेच वय, फक्त पोरगी दुसरी.

मग काय, मी गेले तडक स्वयंपाकघरात. भावजय रविवारसाठी रवा भाजून राहिली होती. जे तोंडात येईल ते बोलले. "वय निघून चाललं म्हणतेस? माझंही असंच काढलं सगळ्यांनी मिळून! ना लग्न ना परीक्षा. आता हिचं काढा! आधी सरकारनं दार लावलं, आता घरच्यांनी लावा!" जी गोष्ट या घरात मी कोणापाशी बोलले नव्हते, ती अशी रव्याच्या कढईसमोर ओरडून सांगून बसले.

भावजयीनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले, भिंतीवरून भाभीला हाक मारली, अन् दोघी ऑटोनं निघून गेल्या. भाऊ मला म्हणाला, "ताई, जरा सबुरीनं बोलायचं." मी त्याच्यावरही ओरडले. मला वाटलं, झालं, गेली उद्याच्या कार्यक्रमाचं सामान आणायला.

दुपारी ती परत आली, हातात सदरच्या दुकानाची पिशवी. पोरीसमोर धरली. "घे. सूट."

पोरगी एकदम उखडली. "मला नको सूट! मी उद्या कोणासमोर बसणार नाही, आधीच सांगते!"

"तो नाही," भावजय म्हणाली. "ती. दोन वर्षांची. नागपूरला फोन केला मी रस्त्यातून. नका येऊ म्हटलं."

पोरीनं पिशवी उघडली. आत निळा सुती सूटपीस होता, साधा, टिकल्या-बिकल्या काही नाही. भावजय म्हणाली, "परीक्षेला जाशील तेव्हा घाल. शिवायला टाकून ये आजच." पोरगी आईच्या गळ्यात पडली. इतक्या वर्षांत ती जेवण्याशिवाय आईकडे गेलेली मी पहिल्यांदा पाहिली, अन् मला बरं वाटलं, थोडा हेवाही वाटला.

वातावरण फार जड झालं की माझी जीभ वळवळते. मी म्हटलं, "अन् मले? मले नाही आणली का सूट?"

भावजय माझ्याकडे वळली. हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला कोणी दिली नाही ताई. म्हणून तर हिला देऊन राहिले."

ती चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळानं मीही तिच्या मागे गेले अन् तिच्या हातातली गाळणी घेतली, कारण चहा कपाबाहेर सांडत होता.